रस्ता, भार आणि मागचा शॉकअप : मुरुम परिसराच्या निमित्ताने एक इतिहासविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारसायकलच्या मागील चाकाचा शॉकअप निकामी झाला असता त्याच्या जागी कोणता घ्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतिहासाच्या कक्षेत येणारा वाटत नाही. तो गॅरेजमधील मिस्त्रीचा प्रश्न आहे, फार तर यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आहे, असेच कोणीही म्हणेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्या दोन गोष्टींवर अवलंबून असते त्या, म्हणजे गाडी ज्यावरून जावयाची तो रस्ता आणि गाडीवर लादावयाचा तो भार, या दोन्ही इतिहासाने घडविलेल्या आहेत. रस्त्याची स्थिती राज्यव्यवस्थेच्या इतिहासातून येते. भाराचे प्रमाण शेती व बाजारपेठ यांच्या इतिहासातून येते. कारखानदार शॉकअपची रचना करतो तेव्हा या दोहोंविषयी काही एक गृहीत धरलेले असते. ते गृहीत आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडले म्हणजे ते भरून काढण्याचे काम सुट्या भागांचा बाजार करतो. या अंतराचा शोध घेणे, आणि त्याच्या प्रकाशात शॉकअपच्या निवडीचे निकष तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनास एक ठिकाण हवे म्हणून मुरुम हे गाव घेतले आहे. मुरुम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. हा जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. सोलापूर–हैदराबाद महामार्गाच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या टापूत हे गाव वसलेले आहे. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, महाविद्यालय आहे, साखर कारखाना आहे. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी, विद्यार्थी आणि दूधवाले यांचे मुरुमास येणे-जाणे मुख्यतः दुचाकीवरूनच घडते. तेव्हा मुरुम हे अपवादात्मक ठिकाण नव्हे. मराठवाड्यातील शेकडो बाजारगावांचे ते प्रतिनिधी आहे, आणि त्याची निवड त्याचसाठी केली आहे.

यंत्रांचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे यंत्र प्रथम कोणी व केव्हा काढले, हे सांगितले की इतिहासकाराचे काम संपले, अशी एक समजूत आहे. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीस हरकत घेतली आणि यंत्रांचा वापर, दुरुस्ती व निगा यांच्या अंगाने इतिहास लिहिला पाहिजे, असे प्रतिपादन केले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ साली भारतातील सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांचा अभ्यास याच दिशेने केला. त्या अभ्यासाचा काळ मुख्यतः स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल सर्वसामान्य झाली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. हा पुढला भाग आपल्याकडील अभ्यासकांनीच हाती घ्यावयाचा आहे.

२. रस्ता

गावाच्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो; पण ‘मुरूम’ हा शब्द मराठीत रस्त्याशी जोडलेला आहे. कुजलेल्या, ठिसूळ झालेल्या खडकाचा हा भरड थर. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात तो जागोजाग सापडतो. खडी अंथरावयाची, तिच्या फटींत मुरूम भरावयाचा, पाणी मारावयाचे आणि रोलर फिरवावयाचा, ही रस्ता करण्याची पद्धत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. या रस्त्याच्या बुडाशी बहुतेक ठिकाणी काळी चिकण जमीन असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचा थर कितीही चांगला असला तरी बुडाची जमीन वर्षातून दोनदा हलते, आणि रस्ता तिच्याबरोबर हलतो. खड्डे पडण्याचे हे एक मूळ कारण होय.

भारतात रस्त्यांचा विचार अखिल देशाच्या पातळीवर प्रथम झाला तो १९२७ साली नेमलेल्या समितीत. बॅ. मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी केली आणि तिचा ठसा आजच्या वर्गवारीवरही आहे. ही योजना आखली गेली तेव्हा मुरुमचा परिसर निजामाच्या संस्थानात होता. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. बारा वर्षांत तीन राज्यव्यवस्था पाहिलेल्या या भागात खेड्यांच्या रस्त्यांचे काम मागे राहिले, यात नवल नाही. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले. ज्या क्षेत्रांत विकासाचा अनुशेष मोजला गेला त्यांत रस्ते हे एक प्रमुख क्षेत्र होते.

या दोन टोकांच्या मध्ये १९७२ चा दुष्काळ येतो, आणि मराठवाड्यातील रस्त्यांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे आणि रस्त्यांचे मातीकाम ही त्या कामांची मुख्य रूपे. त्यातूनच रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अनेक खेड्यांना बाजारगावाशी जोडणारी पहिली वाट या कामांतून निघाली. मात्र या रस्त्यांचा प्रथम हेतू माणसांना मजुरी देणे हा होता. माती टाकली गेली, मुरूम पसरला गेला. डांबर, मोऱ्या आणि निगा या गोष्टी पुष्कळदा मागाहून आल्या किंवा आल्याच नाहीत. इ. स. २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाल्यावर खेड्यांचे बरेच रस्ते डांबरी झाले. परंतु शेताकडे जाणारी पाणंद आणि फाट्यापासून आत गेलेला कच्चा रस्ता यांचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

मुरमाच्या रस्त्याचा एक विशेष शॉकअपच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा रस्त्यावर काही काळ वाहने धावली की त्यावर आडव्या, सारख्या अंतराच्या वळ्या उठतात. कीथ मॅथर यांनी १९६३ साली प्रयोगांनी दाखविले की, चाकाची गती एका मर्यादेपलीकडे गेली की सैल पृष्ठभागावर या वळ्या आपोआप उत्पन्न होतात. २००७ साली झालेल्या प्रयोगांतही याला दुजोरा मिळाला, आणि चाकास स्प्रिंग नसली तरी वळ्या उठतात असे दिसून आले. खड्डा हा एकच मोठा धक्का देतो; वळ्या मात्र मिनिटास शेकडो लहान धक्के देतात. या दोन प्रकारच्या धक्क्यांना शॉकअपने द्यावयाचे उत्तर निरनिराळे आहे, हे पुढे दिसून येईल.

३. पाट्यापासून तेलापर्यंत

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाची लोखंडी धाव दगडावर आदळली तर तो धक्का आखावाटे सरळ साटीस व मालास पोचतो. असे असूनही ही गाडी शतकानुशतके चालली, याचे कारण तिचा वेग. उंचवट्यावर चढताना चाकास मिळणारी उभी गती वाहनाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि धक्क्यातील ऊर्जा त्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी ४ किलोमीटर चालणारी बैलगाडी आणि ताशी ४० किलोमीटर जाणारी मोटारसायकल एकाच उंचवट्यावरून गेल्या, तर ऊर्जेचे प्रमाण एकास शंभर असे पडते. वेग आला तेव्हा स्प्रिंगची गरज आली. टांग्यास पोलादी पाटे आले ते यामुळेच.

परंतु नुसत्या स्प्रिंगने प्रश्न सुटत नाही. स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परत देते. ती दबते, उसळते, पुन्हा दबते. हे हेलकावे जिरविण्यासाठी दुसरे साधन लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रूफो या फ्रेंच गृहस्थाच्या कल्पनेवरून हार्टफर्ड यांनी अमेरिकेत घर्षणाच्या चकत्यांचे साधन प्रचारात आणले. पुढे घर्षणाची जागा तेलाने घेतली. नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. ज्यास आपण शॉकअप म्हणतो त्यात या दोन गोष्टी एकत्र असतात : भार तोलणारी स्प्रिंग आणि हेलकावा जिरविणारे तेल. निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंत भेद न केल्यामुळे होतात.

मोटारसायकलच्या मागील चाकास हे साधन पुष्कळ उशिरा मिळाले. अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीने १९१३ साली मागील चाकास पाट्यांची योजना करून पाहिली. पण तिचे अनुकरण झाले नाही. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान बहुतेक मोटारसायकलींचा मागील भाग सायकलीप्रमाणे ताठ असे. धक्का सोसावयाचा तो बसणाऱ्याने आणि त्याच्या बैठकीखालच्या स्प्रिंगांनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या बी.एस.ए. एम-२० व नॉर्टन १६-एच या गाड्याही अशाच होत्या. १९३९ च्या वेलोसेट शर्यत-गाडीने मागील चाक बिजागरीच्या भुजेवर बसविले आणि तिला डाउटी या कंपनीची हवा व तेल यांची साधने लावली. डाउटी ही विमानांच्या चाकांची साधने करणारी कंपनी होय. जपानमध्येही हेच घडले. १९३८ साली निघालेल्या शोवा कंपनीचा आरंभ विमानांच्या धक्काशोषकांतूनच झाला, आणि कायाबा यांच्या व्यवसायाची मुळेही विमानविद्येत आहेत. उतरत्या विमानाचा आघात झेलण्यासाठी जी विद्या वाढली, ती युद्धानंतर दुचाकीच्या मागील चाकाशी आली.

रॉयल एनफील्डने १९४९ साली विक्रीस आणलेल्या बुलेटला मागे हलणारी भुजा आणि तेलाचे दोन शॉकअप होते. या भुजेस आपल्याकडील गॅरेजच्या बोलीत ‘चिमटा’ म्हणतात. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. याचा अर्थ असा की, भारतीय मोटारसायकल-उद्योगाचा आरंभच मागील शॉकअप असलेल्या गाडीने झाला. ताठ मागील भागाचा दीर्घ टप्पा येथील उद्योगास ओलांडावा लागला नाही.

४. गाडी कोणासाठी, भार कोणाचा

१९६० नंतर म्हैसूरची जावा (१९६१) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत (१९६२) या गाड्या आल्या. राजदूत मूळच्या पोलंडमधील गाडीवरून घेतलेली. ती काटक म्हणून दूधवाल्यांच्या व शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरली. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली आणि १९८० च्या दशकात बजाजची एम-८०. परवाना पद्धतीच्या त्या काळात मागणी अधिक आणि उत्पादन कमी असे. मिळेल ती गाडी घ्यावयाची आणि ती आपल्या कामास जुळवून घ्यावयाची, अशी गिऱ्हाइकाची स्थिती होती. ‘जुळवून घेणे’ ही रीत ग्रामीण वाहनव्यवहारात रुजली ती येथे.

१९८५ च्या सुमारास चित्र बदलले. हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि बजाज ऑटोने औरंगाबादजवळ वाळूज येथे कारखाना काढला. १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींच्या विक्रीने स्कूटरला मागे टाकले. याच काळात शॉकअपचा उद्योगही उभा राहिला. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालीच मुंबईत निघाली होती. मुंजाल शोवा ही १९८५ साली जपानी सहकार्याने निघाली आणि हिरो होंडास माल पुरवू लागली. औरंगाबादेत १९८५ साली ॲल्युमिनिअमच्या ओतकामापासून आरंभ केलेली एन्ड्युरन्स पुढे बजाजसाठी शॉकअप करणारी मोठी कंपनी झाली. म्हणजे मराठवाड्याच्या एका टोकास शॉकअप तयार होऊ लागले आणि दुसऱ्या टोकास, मुरुमसारख्या गावी, ते झिजू लागले. प्रदेश एकच; पण तयार करणारा आणि वापरणारा यांच्या गृहीतांत मात्र अंतर राहिले.

ते अंतर आकड्यांत मांडता येते. १०० सी.सी.च्या सर्वसाधारण मोटारसायकलीचे वजन ११० किलोच्या आसपास असते आणि तिने सुमारे १३० किलो भार न्यावा अशी अपेक्षा असते. प्रत्येकी ६० किलोची दोन माणसे बसली की १० किलो शिल्लक राहतात. आता युरियाची गोणी घ्या. ती २०१८ पर्यंत ५० किलोची होती, नंतर ४५ किलोची झाली. नवरा-बायको आणि एक गोणी एवढा साधा संसारही मर्यादा ओलांडतो. दोन कॅन दूध, तुरीचे वा सोयाबीनचे पोते, शाळेत जाणारे तिसरे मूल, ही त्यावरची भर होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ चालकाखेरीज एकाच व्यक्तीस मुभा देते. तरीही तिसरा माणूस बसतो, याचे कारण केवळ बेफिकिरी नव्हे, एस.टी.ची वेळ निघून गेलेली असते आणि बाजार संध्याकाळी उठावयाचा असतो.

या भाराचा परिणाम स्प्रिंगवर कसा होतो ते उदाहरणाने पाहू. समजा, मागील दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दबण्यास ४ किलो भार लागतो आणि एकूण दबण्याची जागा ८० मिलिमीटर आहे. गाडीचे वजन व चालक यांनी २५ मिलिमीटर जागा व्यापली. मागे ६० किलोचा माणूस व ५० किलोचे पोते आले आणि तो सर्व ११० किलो भार मागील चाकावर पडला, तर आणखी साडेसत्तावीस मिलिमीटर गेले. खड्ड्यासाठी उरले अवघे साडेसत्तावीस. चार बोटे खोल खड्डा आला की दट्ट्या तळाशी आपटतो आणि धक्का सांगाड्यास व पाठीच्या कण्यास जातो. १९७४ साली प्रथम निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदास ४ ते ८ या दराच्या उभ्या कंपनास सर्वांत हळवे असते. अतिभारित गाडीचा मागचा भाग बसला की पुढचे चाक हलके होते, सुकाणू सैल वाटते आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या गर्दीतून जाणाऱ्यास ही गोष्ट जीवावर बेतणारी ठरू शकते.

५. सुट्या भागांचा बाजार

गाडीचा मूळ शॉकअप गेला की मालक बाजाराकडे वळतो. पुण्याची नाना पेठ, सिकंदराबादचे राणीगंज, दिल्लीचे कश्मिरी गेट ही या व्यापाराची मोठी केंद्रे. मुरुमसारख्या गावास माल सोलापूर किंवा हैदराबादच्या वाटेने पोचतो. दुकानात तीन प्रकार दिसतात. पहिला गाडीच्या कंपनीच्या नावाने विकला जाणारा. दुसरा शॉकअप करणाऱ्या कंपनीने आपल्याच नावाने बाजारात आणलेला. तिसरा नाव नसलेला किंवा दुसऱ्याचे नाव लावलेला. पहिल्या दोहोंचा कारखाना कित्येकदा एकच असतो. ही गोष्ट गिऱ्हाइकास ठाऊक नसली की तो केवळ वेष्टनासाठी अधिक पैसे मोजतो. तिसऱ्या प्रकारात अंगापेक्षा झळाळी अधिक असते. मागे लोंबणारी लहानशी टाकी ही खरोखरी वायू साठविण्यासाठी असते. पण ती केवळ शोभेची असलेले शॉकअपही बाजारात मिळतात.

याच्याही खाली एक चौथी पातळी आहे, ती मिस्त्रीच्या हातची. सील बदलणे, तेल घट्ट भरणे, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी तुकडे बसविणे, मोठ्या गाडीचा शॉकअप लहान गाडीस लावणे, हे उपाय अभ्यासकाने तुच्छ मानू नयेत. प्रत्यक्ष रस्ता आणि प्रत्यक्ष भार यांविषयी जे ज्ञान आराखडा करणाऱ्याजवळ नव्हते, ते या उपायांत साठलेले आहे. मात्र त्यांतील प्रत्येक उपाय योग्यच असतो असे नव्हे. घट्ट तेलाने हेलकावा थांबतो. पण वळ्यांच्या रस्त्यावर दबलेला शॉकअप पुढील वळीपूर्वी पूर्ववत उघडत नाही आणि थोड्याच अंतरात तो दबलेलाच राहतो. रबरी तुकड्याने स्प्रिंग कडक होते. पण ताण ठरावीक वेटोळ्यांवर एकवटतो. लांब शॉकअप लावला तर मागची बाजू उचलली जाते, सुकाणूचा कोन बदलतो आणि साखळीचा ढिलेपणाही बदलतो.

६. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून निवडीचे जे निकष निष्पन्न होतात ते असे.

पहिला निकष भाराचा. नित्याचा भार कोणता, कधीमधीचा कोणता, हे आधी ठरवावे. नित्य एकटा जाणारा शिक्षक आणि नित्य दूध नेणारा गवळी यांस एकच स्प्रिंग चालणार नाही. चालक बसला असता एकूण दबण्याच्या जागेपैकी चौथा ते तिसरा हिस्सा व्यापला जावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून अधिक गेल्यास स्प्रिंग मऊ, फारच कमी गेल्यास ती कडक. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअपच्या बुडाशी असलेली पायऱ्यांची कडी फिरविल्याने स्प्रिंग अधिक कडक होत नाही. ती केवळ आधीच थोडी दाबली जाते, आणि त्यामुळे गाडी उंच राहते. मिलिमीटरमागे लागणारा भार तोच राहतो. कधीमधीच्या भारासाठी कडी पुरेशी आहे. नित्याच्या जड भारासाठी स्प्रिंगच वेगळी हवी.

दुसरा निकष तेलाच्या कामाचा. कडक स्प्रिंग अधिक जोराने उसळते. म्हणून तिच्याबरोबर उसळी आवरणारी यंत्रणाही तितकीच समर्थ हवी. केवळ जाड स्प्रिंग पाहून घेतलेला शॉकअप रिकाम्या गाडीस उडवितो. परीक्षा सोपी आहे. गाडीचा मागील भाग जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोन-तीनदा हेलकावला तर तेलाचे काम दुबळे. वर येण्यास रेंगाळला तर ते अति.

तिसरा निकष उष्णतेचा, आणि तो वळ्यांच्या रस्त्याशी निगडित आहे. सततच्या कंपनाने तेल तापते, पातळ होते आणि नळीत हवा मोकळी असेल तर फेसाळते. फेसाळलेले तेल छिद्रातून अडथळ्याविना जाते आणि शॉकअप नावापुरता उरतो. क्रिस्तिआन बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यास यावर उपाय काढला. त्याने तेल आणि दाबाखालील वायू यांच्यामध्ये तरंगता पडदा घातला. वायू वेगळा राहिल्याने फेस होत नाही, आणि एकेरी नळीमुळे उष्णता लवकर बाहेर पडते. दीर्घ पल्ल्याच्या व वेगवान प्रवासासाठी ही रचना निःसंशय श्रेष्ठ होय.

चौथा निकष मात्र या तिसऱ्याच्या आड येतो. तो दुरुस्तीचा. एकेरी नळीस बाहेरून खडा लागून पोचा पडला तर दट्ट्या अडकतो. सील गेल्यास दाबाचा नायट्रोजन भरण्याची सोय जवळपास असावी लागते. ती नसेल तर महाग शॉकअपही टाकाऊ होतो. जुन्या धर्तीची दुहेरी नळी तापते अधिक, पण बाहेरचा पोचा सोसते. ज्या दुहेरी नळीचे तोंड आट्यांचे असते आणि ज्याचे सील बाजारात मिळते, ती गावातल्या गॅरेजमध्ये उघडता येते. तेव्हा मुरुम–खेडे अशा दहा-पंधरा किलोमीटरच्या संथ वाहतुकीस उत्तम दुहेरी नळीचा, उघडता येणारा शॉकअप पुष्कळदा अधिक हितावह ठरतो. ‘उत्तम’ हा शब्द स्थलनिरपेक्ष नाही, हे अभ्यासकाने येथे ध्यानात घ्यावे.

पाचवा निकष मापांचा व घडणीचा. दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधील अंतर मूळच्याइतके असावे. बुशचे माप तंतोतंत जुळावे. दांड्यावरील मुलामा एकसारखा व ओरखड्याविना असावा, कारण खरखरीत दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत कापतो. धूळ अडविणारी टोपी असावी. कच्च्या रस्त्यावर तिचे मोल मोठे. आणि शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत, कारण एक नवा व एक झिजलेला असला तर चिमट्यास पीळ बसतो.

या सर्वांवर एक मर्यादा आहे. शॉकअप कितीही समर्थ घेतला तरी सांगाडा, आरे, टायर व ब्रेक यांची शक्ती त्याने वाढत नाही. कडक शॉकअपमुळे भार जाणवेनासा होतो एवढेच. तो नाहीसा होत नाही. न जाणवणारा अतिभार हा जाणवणाऱ्या अतिभारापेक्षा अधिक घातक होय.

७. उपसंहार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रस्त्याचा अनुशेष हा सरकारी अहवालांत कोटींच्या आकड्यांनी मोजला गेला. परंतु त्या अनुशेषाची परतफेड केवळ अंदाजपत्रकांतून झालेली नाही. ज्यांच्या गावचा रस्ता अर्धवट राहिला त्यांनी ती शॉकअपच्या जोडीजोडीने, सीलच्या व बुशच्या किमतीत आणि पाठीच्या दुखण्यात केली आहे. हा खर्च कोणत्याही अहवालात दिसत नाही, कारण तो प्रत्येकाने आपापल्या खिशातून, गॅरेजच्या फळकुटावर बसून दिलेला आहे. मिस्त्र्यांच्या वह्या, सुट्या भागांच्या दुकानांची बिले आणि जुनी किंमतपत्रके ही या खर्चाच्या इतिहासाची साधने होत. ती रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. एका तालुक्यापुरते जरी ते कोणी केले, तरी मराठवाड्याच्या विकासाच्या इतिहासात आज न दिसणारी एक बाजू प्रकाशात येईल.

आणि ज्यास केवळ शॉकअपच घ्यावयाचा आहे त्यासही यातून एवढे घेता येईल की, दुकानात जाण्यापूर्वी आपला रस्ता आणि आपला भार यांचा हिशेब मांडावा. तो हिशेब कारखानदाराजवळ नसतो, दुकानदाराजवळ नसतो. तो रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याजवळच असतो.